टोक नसलेली तलवार

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

पितृपंधरवडा लागला, आता पंधरा दिवस नवं काम येणार नाही असा माझा अंदाज होता. सकाळी दहालाच राजापूरकडचे एक निवृत्त गुरुजी आणि त्यांचा पुतण्या दारात उभे. जुन्या धोतरात गुंडाळलेली तलवार टेबलावर ठेवून गुरुजी म्हणाले, "ताई, एक तारखेला खंडेनवमी आहे. त्याआधी झाली तर बरं."

पुतण्या यादी घेऊनच आला होता. गंज काढायचा, मूठ घट्ट करायची, तुटलेलं टोक नवं बसवायचं, आरशासारखी चकाकी आणायची. जमलं तर धारही लावायची. धार मी लावत नाही, एवढं तिथल्या तिथं सांगून टाकलं. बाकीच्यावर "बघू" म्हणाले.

पातं सरळ, एकधारी. उरलेली लांबी ८१ सेंटीमीटर, मुळाशी रुंदी साडेतीन. मुठीसकट वजन १ किलो १२० ग्रॅम. पोलादी मूठ, रुंद परज, वर कटोरी, आणि कटोरीतून निघालेला गज अर्ध्यात मोडलेला. मूठ धरून हलवली की आत खुळखुळतं. सांध्यासांध्यात कुंकू आणि खोबरेल तेल यांचा थर इतका घट्ट बसलाय की तो खापरीसारखा टणटण वाजतो. पात्याच्या मधोमध वीतभर पट्टा चकचकीत, आणि तोच सगळ्यात जास्त गंजलेला: गेल्या नवमीला घरात कुणीतरी लिंबू आणि पॉलिशपेपर घेऊन बसलं होतं. जुना काळा थर गेला की खालचं लोखंड उघडं पडतं, आणि कोकणातल्या पावसाळ्याला तेवढंच पुरतं.

घरात दोन गोष्टी सांगतात. पहिली, ही पानिपतावर गेलेली तलवार. दुसरी, इंग्रजांनी हत्यारं काढून घेतली तेव्हा ती गोठ्याच्या भिंतीत चिणली होती. गुरुजींच्या वडिलांनी स्वातंत्र्यानंतर पहारीने उकरून काढली. दोन्ही वहीत उतरवून घेतल्या. कुठली खरी हे तलवारीलाच विचारायचं.

९ सप्टेंबर

दिवसभर फोटो. दोन्ही अंगं, धार, पाठ, मोडलेली कड, आडवा प्रकाश टाकून पुन्हा सगळं. पुतण्याचा फोन आला, "मॅडम, काम सुरू झालं का?" झालं म्हणाले. त्याला फोटो म्हणजे काम वाटेना, हे आवाजावरून कळलं.

ऑगस्टपासून तलवारवाल्यांची ही घाई वाढलीय. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार सरकारने लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजारांना घेतली, १८ ऑगस्टला ती मुंबईत आली, आणि तेव्हापासून माळ्यावरची प्रत्येक तलवार ४७ लाखांची झाली. त्या बातम्यांत एक गोष्ट होती ती फारशी कुणी वाचली नाही. त्या तलवारीचं पातं युरोपी घडणीचं आहे, आणि पात्यावर सोन्याच्या अक्षरांत रघूजींचं नाव, सेनासाहेबसुभा हे पद आणि पुढे 'फिरंग', म्हणजे परदेशी पात्याची तलवार, असा शब्द कोरलेला आहे. ज्याच्या मालकीची होती त्याला पातं परदेशी असल्याची लाज नव्हती. मिरवायची गोष्ट होती. गोव्यात पोर्तुगीज १५१० साली आले. त्यांच्याकडून आणि पुढे इतर टोपीकरांकडून पाती येत राहिली. आपल्याकडे त्यांना देशी मूठ बसवत. नागपूरकर भोसल्यांना चाललं ते आज काहींना चालत नाही.

१२ सप्टेंबर

कुंकवाचा थर काढायला सुरुवात. बांबूची काडी, कापसाचा बोळा, स्पिरिट. भिंगाखाली तासाभरात दोन बोटं जागा होते. कुंकवाशी माझं वैर नाही, पण कुंकू ओल धरून ठेवतं आणि तेल जुनं झालं की खवट होऊन आम्लं सोडतं. दोन्ही मिळून वर्षानुवर्षं लोखंड खात बसतात. म्हणून आधी थराचा चिमूटभर नमुना डबीत ठेवला. तोही या घराच्या पूजेचा पुरावाच आहे.

दुपारी पात्याच्या मुळाकडच्या पन्हळी दिसायला लागल्या. तीन अरुंद पन्हळी, दोन्ही अंगांवर. कडा अगदी समांतर, खोली एकसारखी. जर्मनीतल्या सोलिंगेनला वुपर नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या मोठ्या सहाणांवर पाती घासत, त्या कामाला अशी सफाई येते. हाताने खरडून काढलेली पन्हळ थोडी तरी डगमगते. अर्थात आपल्याकडचा चांगला कारागीरही सरळ पन्हळ काढायचा, तेव्हा एवढ्यावर निकाल देता येत नाही.

संध्याकाळी उजेड जाता जाता मधल्या पन्हळीत खूण दिसली: पाठीला पाठ लावलेल्या दोन कोयत्या, आतल्या बाजूने दातेरी, टोकांशी ठिपके. ही खूण मुळात इटलीतल्या जिनोव्याची मानतात. पण ती इतकी नावाजली की जर्मनीत, ऑस्ट्रियाच्या स्टायरियात, कॉकेशसमध्ये आणि आपल्याकडेही तिची सर्रास नक्कल झाली. पासाऊच्या पळत्या लांडग्याचं तेच झालं. सोलिंगेनवाल्यांनी तो उचलला आणि मग सगळ्यांनीच. तेव्हा खूण म्हणजे त्या काळातला छाप. खरा किंवा खोटा, पण ज्याने उठवला त्याला तो विकायला उपयोगी वाटला, इतकंच तिच्यावरून कळतं.

पुतण्याने मध्येच मेसेज केला: "वूट्झ आहे का?" वाटत नाही. साफ झालेल्या जागेत वूट्झचं, म्हणजे जुन्या हिंदुस्थानी पोलादाचं, लहरदार पाणी कुठेच दिसत नाही. नक्की बघायला पात्याला आम्ल लावावं लागेल, आणि तेवढ्यासाठी मी ते लावणार नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

भोसरीला गेले. तिथे एक कारखाना मोठ्या टाक्यांच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढून देतो. अधूनमधून माझंही काम करतात. ऑपरेटरने तलवार बघून आधी नमस्कार केला, मग विचारलं, "वेल्ड कुठाय?"

वेल्ड नव्हता, पण जे दिसलं त्याने दिवस सार्थकी लागला. पात्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी लांब पोलादी पट्ट्या रिव्हेटांनी जडवलेल्या आहेत. खंड्याच्या आणि फिरंगेच्या मुठीला अशा पट्ट्या असतातच, म्हणून मला त्यांचं विशेष वाटलं नव्हतं. फिल्मवर मात्र पट्ट्यांच्या पोटात पातं तिरपं मोडलेलं दिसतंय. मोड जुना. दोन तुकडे कडेला कड लावून पट्ट्यांच्या चिमट्यात धरलेत. एक रिव्हेट बाकीच्यांपेक्षा फिकट आला. बाहेरून पाहिलं तर तो पितळी. एक रिव्हेट गायब, तिथे नुसतं कुंकू.

म्हणजे ही तलवार एकदा मुळाशी मोडली, कुणीतरी जोडली, आणि पुढे तो जोड ढिला झाल्यावर दुसऱ्या कुणीतरी हाताशी होता तो पितळी रिव्हेट ठोकला. मुठीच्या पोकळीत भरलेला मसाला अर्धाअधिक भुगा झालाय. खुळखुळ त्याचीच.

१६ सप्टेंबर

तलवार, आणि मुठीतून गळलेला भुगा कागदाच्या पुडीत, घेऊन मंडईमागे शिकलगार चाचांकडे गेले. आता ते कात्र्या आणि खाटकांच्या सुऱ्यांना धार लावतात. त्यांचे आजोबा संस्थानिकांच्या शस्त्रांना शिकल करत. चाचांनी भुगा तव्याच्या कडेवर टाकला. काळे खडे मऊ पडले, दोरीसारखे ओढले गेले, आणि देवळात धूप घातल्यासारखा लाखेचा वास सुटला. तव्यावर तांबडी पूड उरली. "लाख, राळ, विटेची पूड. वीट बारीक चाळलीय. मूठ बसवणारा शहाणा माणूस होता."

मग त्यांनी पातं नखाने टिचकावून कानाशी नेलं. "पातं वलायती आहे. मूठ इकडची." मी त्यांना खूण दाखवली नव्हती.

आमचं वाजलं ते मसाल्यावरून. त्यांचं म्हणणं: मूठ तापवा, ताजी लाख ओता, शंभर वर्षांची निश्चिंती, आणि लाखही पुन्हा तापवली की सुटतेच, मग तुमच्या त्या इंग्रजी डिंकाचं कौतुक कशाला? मुद्दा बिनतोड आहे. पण आत जी मूळ लाख अजून पकडून आहे तीही उष्णतेने वितळेल, नवी-जुनी एक होईल, आणि नंतर कुणालाच वेगळी काढता येणार नाही. मी ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ रिव्हेटच्या रिकाम्या भोकातून सुईने आत सोडणार. ते ॲसिटोनने परत निघतं आणि त्यासाठी लाख तापवावी लागत नाही. चाचा म्हणाले, "तलवार हलली तर माझ्याकडे आणा, हसणार नाही."

१८ सप्टेंबर

आजचा दिवस गंजाचा.

पात्याची दोन अंगं दोन वेगवेगळ्या तलवारींची वाटावीत इतकी निराळी आहेत. डाव्या अंगावर खड्डेच खड्डे, काही ठिकाणी पन्हळ ओळखू येत नाही. उजवं अंग त्या मानाने शाबूत, काळा घट्ट थर. लाल-नारिंगी पापुद्रे फक्त खड्ड्यांतून फुटतायत. चालू गंज तो एवढाच. ओला बोळा खड्ड्यांवर ठेवून त्याचं पाणी पिळलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले. डाव्या अंगाचं पाणी दुधासारखं झालं, उजव्याचं जेमतेम धुरकट. क्लोराइडं आहेत, आणि एका बाजूलाच जास्त.

गोठ्याची भिंत! कुडाला शेणमाती, गुरांचं मूत, त्यातले क्षार, वर कोकणातली ओल. एक अंग भिंतीच्या मातीला चिकटून राहिलं, दुसऱ्या अंगाला बहुधा फडकं किंवा फळी होती. १८५७च्या उठावानंतर हत्यारं गोळा करण्याची मोहीम झाली, १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय तलवार बाळगायची सोय उरली नाही. कोकणात अशी लपवलेली हत्यारं आजही घर पाडताना निघतात. गुरुजींची दुसरी गोष्ट मला पटली, आणि ती पात्यानेच पटवली.

पानिपताचं तसं नाही. धारेवर जुने खांडे आहेत. त्यातले काही पुढे धार लावताना अर्धवट घासले गेलेत, म्हणजे तलवार वापरात होती आणि खांडे पडल्यावरही वापरात राहिली. कुठे वापरली, हे खांड्यांवर लिहिलेलं नसतं.

१९ सप्टेंबर

क्षार काढणं. क्षारविरहित पाण्याचे बोळे, लगेच स्पिरिट, लगेच गरम हवा. पुन्हा तेच. कंटाळवाणं काम, लिहिण्यासारखं काही नाही.

२३ सप्टेंबर

काल घट बसले. आज मोडलेल्या टोकाकडे लक्ष दिलं, आणि मघापासून त्याच विचारात आहे.

पात्याच्या डाव्या अंगावर दोन मिलिमीटर खोल खड्डे, पण मोडलेल्या कडेवर फक्त पातळ, एकसारखा तपकिरी थर. भिंगाखाली कडेचे दाणे अजून ओळखू येतात. टोक भिंतीत जाण्याआधी मोडलं असतं तर कडही अंगाइतकीच खाल्ली गेली असती. शिवाय कडेजवळ पाठीला एक बोथट चेप आहे, गोल नाही, चौकोनी. पहारीच्या टोकासारखी.

गुरुजींना फोन लावला. वडिलांनी तलवार काढली तेव्हा टोक होतं का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्हाला नेहमी सांगायचे, लढाईत मोडलं म्हणून. पण आत्या म्हणायची की बापूने घाई केली." बापू म्हणजे त्यांचे वडील.

पुतण्याला टोक वेल्डिंग करून हवंच आहे. त्याला पुन्हा समजावलं. वेल्डिंगच्या उष्णतेने पात्याचं पाणी उतरतं, जोडाशेजारचं पोलाद ठिसूळ होऊन पुन्हा तडकतं, आणि नव्या टोकाचा आकार ठरवणार कोण? मी ठरवणार म्हणजे मी कल्पना करणार. पन्नास वर्षांनी कुणीतरी माझी कल्पना मोजून तलवारीची मूळ लांबी लिहील.

त्याने शेवटचं अस्त्र काढलं. "मॅडम, खंडित वस्तूची पूजा करत नाहीत." यावर मी काय बोलणार? फोन आत्याबाईंकडे गेला. वय नव्वदीच्या पलीकडे, आवाज खणखणीत. "मूर्ती भंगली तर पाण्यात सोडतात. हत्याराचं तसं नसतं, ते मोडायचंच. मी लग्न होईस्तोवर दर नवमीला तिला फूल वाहिलंय, तेव्हाही ती मोडकीच होती." विषय संपला.

२५ सप्टेंबर

मुठीवरचा शेवटचा थर निघाला. परजेच्या आतल्या बाजूला केसाइतक्या बारीक रेघांची आडवी-उभी जाळी दिसली, आणि जाळीत अडकलेली एक सोनेरी पाकळी. कोफ्तगिरी. लोखंडावर अशा रेघा पाडून खरबरीत करायचं, वर सोन्याची तार ठेवून ठोकायची. तार रेघांत रुतून बसते. बाकी सगळं सोनं गेलंय, पण जाळी उरलीय, त्यामुळे नक्षी कुठून कुठपर्यंत होती ते आखून घेता आलं. बाजारातलं गंज काढायचं रसायन फिरवलं असतं तर पाकळीच्या खालचं लोखंड आधी विरघळलं असतं आणि पाकळी पाण्यात गेली असती. सोनं पुन्हा भरायचं का? नाही. रेघा उघड्या राहिलेल्या बऱ्या.

दुपारी एका व्यापाऱ्याचा फोन. बातमी कुठून लागते देव जाणे. "दुबईचं गिऱ्हाईक आहे, मालकाशी गाठ घालून द्या." पुरावशेषांचा १९७२चा कायदा सांगितला: शंभर वर्षांपुढची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. "ते आम्ही बघतो" म्हणाला. फोन ठेवला आणि नंबरासकट गुरुजींना कळवलं.

२७ सप्टेंबर

खड्ड्यांत टॅनिक आम्ल, बारीक ब्रशने, फक्त खड्ड्यांत. तासाभरात नारिंगी डाग निळसर काळे झाले. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई होते ती याच क्रियेने. इथे हिराकसाऐवजी गंज. चकचकीत घासलेला पट्टाही थोडा उतरवला, म्हणजे तो डोळ्यात खुपणार नाही. लपवला नाही.

मग पॅरालॉइड, चार वेळा थोडं थोडं. रिकाम्या भोकात नवा रिव्हेट ठोकला नाही; हातोडीच्या एका घावाने जुना जोड उघडला असता. नायलॉनची खुंटी घातली, रंग पोलादाच्या जवळचा, पण जवळून पाहिलं तर ओळखू येईल असा. पितळी रिव्हेट आहे तिथेच ठेवला. तो काढून "मूळ"सारखा पोलादी बसवावा असं सांगणारे मला भेटतात. ज्याने तो ठोकला तोही या तलवारीचाच माणूस.

२९ सप्टेंबर, सोमवार

सूक्ष्मस्फटिकी मेणाचे दोन हात. मूठ हलत नाही. चाचांना दाखवायला नेली. त्यांनी झटका देऊन पाहिलं आणि चहा मागवला.

३० सप्टेंबर

गुरुजी गाडी करून आले. लांब लाकडी पेटी, पोलिसांनी अडवलंच तर दाखवायला पत्र. पुतण्याने तलवार हातात घेतली आणि म्हणाला, "चकाकत नाही." नाहीच चकाकत. गुरुजींनी पाकळी भिंगातून पुन्हा पुन्हा पाहिली.

सोबत दिलेल्या नोंदीतला मजकूर इथे उतरवून ठेवते:

फिरंग. पातं युरोपी घडणीचं, बहुधा सतराव्या शतकातलं. दातेरी कोयत्यांची खूण, कुठल्या गावची ते खुणेवरून ठरत नाही. मूठ दख्खनी, नंतरची, सोन्याच्या कोफ्तगिरीचे अवशेष. मुळाशी जुना मोड, पट्ट्यांनी सांधलेला; एक रिव्हेट नंतरचा, पितळी. भिंतीत पुरलेली असल्याला पात्याच्या गंजाचा पुरावा आहे. पानिपताला पुरावा नाही. घरची आठवण म्हणून नोंद. टोक भिंतीतून काढताना मोडलेलं असावं.

नवमीला हळद-कुंकू तबकात, फूल मुठीवर; पात्याला पाणी, दूध, लिंबू, चिंच काही नाही. हातमोजे नसतील तर कोरड्या सुती कापडाने धरायची. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ती पेटी स्वयंपाकघराच्या माळ्यावर नको.

गुरुजी सांगतात, गोठा पडका झालाय पण ती भिंत अजून उभी आहे, यंदा दिवाळीनंतर पाडायची आहे. भिंत जेसीबीने पाडू नका. माती चाळून बघा. टोक मिळालं तर जसं मिळेल तसं, मातीसकट, न घासता घेऊन या.